रक्ताच्या गोळ्या उकिरड्यावर का जातात, ते आम्हा सिस्टरांना विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी आली होती, गावाबाहेरच्या उकिरड्यावर सरकारी रक्तवाढीच्या गोळ्यांच्या भरलेल्या स्ट्रिप्स सापडल्या म्हणून. फोटो होता, खाली दोन-तीन लोकांच्या प्रतिक्रिया होत्या, आणि सगळ्यांचा सूर एकच, फुकट मिळतं त्याची किंमत नसते, बायका अडाणी आहेत, सरकार देतंय आणि ह्या फेकतायत. मी सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं स्टाफ नर्स आहे, आधी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होते, आता ग्रामीण रुग्णालयात गरोदर मातांच्या ओपीडीला असते. बातमी खोटी नाहीये, गोळ्या फेकल्या जातात हे आम्हाला तुमच्या आधीपासून माहीत आहे. पण फेकणारी बाई अडाणी असते म्हणून फेकते, हे काही मला पटत नाही. तिनं तीन-चार दिवस गोळी खाल्लेली असते, तिला मळमळलेलं असतं, संडास काळी झालेली असते, पोट साफ होत नसतं, आणि असं होणार आहे हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं. मग ती कुणाला विचारणार, सासूला विचारते, सासू म्हणते बंद कर.

ओपीडीचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे गोळी कशी दिली जाते ते कळेल. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. वजन, बीपी, एचबी (म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन), लघवी, डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफीची चिठ्ठी, आणि सगळ्यात शेवटी औषधाची खिडकी. बाई सकाळी सातला घरून निघालेली असते, एसटीनं किंवा वडापनं (शेअर जीपनं) आलेली, दुपारचा एक वाजलेला असतो, पोटात काही नसतं, खिडकीतून एका कागदात किंवा पिशवीत रक्तवाढीच्या लाल गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, कधी सोबत अॅसिडिटीची गोळी, सगळं एकत्र गुंडाळून हातात येतं आणि वाक्य एकच, "रोज घ्यायच्या बरं का." झालं. ती घरी जाते आणि आठवण राहावी म्हणून सगळ्या गोळ्या एकदम घेते, सकाळी चहाबरोबर. आता ह्यात गोळी देणाऱ्याची पण चूक म्हणता येत नाही कारण मागे लाईन लागलेली असते, पण औषध देणं म्हणजे हे नव्हे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवतात, बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. लाल गोळीच्या बाबतीत पहिल्या चार गोष्टी सांभाळल्या जातात आणि सगळा घोळ त्या पाचव्या गोष्टीत होतो.

ही जी लाल गोळी आहे तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथा महिना लागला की रोज एक, कमीत कमी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर अजून १८० दिवस, असा नियम आहे. रक्त कमी निघालं, म्हणजे गरोदरपणात एचबी ११ च्या खाली आणि ७ च्या वर असेल, तर रोज दोन गोळ्या. ७ च्या खाली गेलं की मग गोळीवर सोडायचं नाही, वरच्या दवाखान्यात पाठवायचं, तिथं शिरेतून लोहाचं इंजेक्शन किंवा गरज पडली तर रक्त. एवढं सगळं कार्डावर छापलेलं असतं. पण ती गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं, हे तिला कोण सांगणार. कॉफीचं तेच, दुधाचं तेच. आणि कॅल्शियमची गोळी! गरोदर बाईला कॅल्शियम दिवसातून दोनदा असतं, ते पण महत्त्वाचं आहे, बीपी वाढून झटके येण्याचा धोका कमी होतो त्यानं. पण लोह आणि कॅल्शियम एकदम पोटात गेले की एसटीच्या दारात दोघं एकदम घुसल्यावर जे होतं तेच होतं, आणि बाहेर बहुतेक वेळा लोहच राहतं. दोघांत कमीत कमी दोन तासांचा गॅप पाहिजे.

मी काय सांगते ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. आधी मी तिला विचारते, ताई, तुझा दिवस कसा असतो, उठतेस किती वाजता, चहा किती वेळा, जेवण कधी. पुस्तकात लिहिलंय उपाशीपोटी घेतलं की लोह जास्त चांगलं शोषलं जातं, आणि ते खरंच आहे, पण ज्या बाईला आधीच कोरड्या उलट्या होतायत तिला सकाळी उपाशीपोटी गोळी द्या म्हणजे ती दुसऱ्या दिवसापासून घेणार नाही. उपाशीपोटी घेऊन उलटून टाकलेल्या गोळीपेक्षा थोडं खाऊन पोटात राहिलेली गोळी कधीही बरी. म्हणून माझं आपलं ठरलेलं, कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, कारण ते जेवणासोबतच घ्यायचं असतं, आणि लाल गोळी रात्री, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, साध्या पाण्यानं, घरात लिंबू असेल तर अर्धं लिंबू पिळून, नसेल तर आवळ्याची फोड किंवा पेरू. क जीवनसत्त्व असलं की लोह चांगलं शोषलं जातं. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते, बऱ्याच जणींना हे जमतं. फक्त गोळी घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, अर्धा तास तरी बसायचं, भांडी आवरा, टीव्ही बघा, नवऱ्याशी भांडा, पण आडवं होऊ नका, कारण गोळी अन्ननलिकेत अडकून बसली तर छातीत जळजळतं आणि जखमसुद्धा होऊ शकते. गोळी चावायची नाही, फोडायची नाही. दोन गोळ्या असतील तर एकदम दोन नाही घ्यायच्या, एक सकाळी ११ च्या सुमाराला आणि एक रात्री, पहिल्या आठवड्यात जास्तच त्रास झाला तर मला येऊन सांग, आपण डॉक्टरांना विचारून काहीतरी मार्ग काढू पण परस्पर बंद करू नकोस.

मग संडासचा विषय. हा विषय काढायला आपल्याकडे सगळ्यांनाच लाज वाटते, सिस्टरला पण आणि पेशंटला पण, आणि म्हणूनच निम्म्या गोळ्या उकिरड्यावर जातात असं माझं स्पष्ट मत आहे. लोहाची गोळी चालू केली की संडास काळी किंवा हिरवट काळी होते. जे लोह शोषलं जात नाही ते बाहेर पडतं, त्याचा तो रंग. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं कधी, तर संडास डांबरासारखी चिकट, तुकतुकीत आणि घाण वास येणारी असेल, सोबत चक्कर किंवा पोटात कळ असेल, कारण ते आतून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा लगेच दवाखान्यात. हे दोन वाक्यांत सांगून होतं. न सांगता गोळी दिली की बाई तिसऱ्या दिवशी बघते, हादरते, आणि तिच्या डोक्यात पक्कं बसतं की ह्या गोळीनं आतून काहीतरी खराब होतंय. वरून गावात समज असतोच की ह्या गोळ्या खाल्ल्या की बाळ काळं होतं. काळी संडास बघितली की तो समज खरा वाटायला लागतो, तिचा तरी काय दोष! दुसरा समज, गोळ्या खाल्ल्यानं बाळ मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं. ह्या दोन समजांवर मी जेवढी बोलले असेन तेवढी घरच्यांशी पण बोलले नसेन. आणि बाईला एकटीला समजावून काही होत नाही, सासू किंवा नवरा सोबत आला असेल तर त्यालाच समोर बसवायचं आणि त्यालाच सांगायचं, कारण घरी गोळी चालू ठेवायची की बंद करायची हे पुष्कळदा तिच्या हातात नसतंच. आशाताई हे काम आमच्यापेक्षा चांगलं करतात हेही सांगते, त्यांना घरात चुलीपर्यंत जाता येतं.

बद्धकोष्ठता हा तिसरा त्रास. त्याला पाणी, भाजी, पालेभाजीचा देठ, रात्री भिजवलेले काळे मनुके, थोडं चालणं. तोंडाला लोखंडी चव येते ती पण काही दिवसांत कमी होते. हे सगळं आधी सांगितलं की बाई त्रास झाला तरी म्हणते, सिस्टर म्हटल्याच होत्या असं होईल, आणि पुढची गोळी घेते.

आता दुसऱ्या औषधांचं. हल्ली प्रत्येक दुसऱ्या गरोदर बाईला अॅसिडिटीची गोळी चालू असते, कधी डॉक्टरनं दिलेली, कधी मेडिकलवाल्यानं, कधी नवऱ्याच्या डब्यातली. पोटातलं अॅसिड कमी झालं की लोह विरघळत नाही नीट, मग गोळी खाऊन एचबी वाढत नाही आणि सगळे म्हणतात सरकारी गोळीत दम नाही. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते, तिच्यासोबत लोह घेतलं तर थायरॉईडची गोळीच काम करत नाही, त्या दोघांत चार तासांचं अंतर ठेवायचं. बीपीची मेथिलडोपा, डॉक्सीसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, ह्यांचा परिणामसुद्धा लोहामुळं कमी होतो. म्हणून मी म्हणते, पिशवी उलटी करून बघा. पेशंटला विचारलं अजून काही चालू आहे का, तर ती म्हणते नाही, आणि पर्समधून चार पाकिटं निघतात.

गोळी चालू केल्यावर महिन्यानं एचबी परत तपासायचं असतं. गोळी पोटात जात असेल आणि लागू पडत असेल तर महिन्यात एक ग्रॅम तरी वाढायला पाहिजे, बाईला तर त्याच्या आधीच थोडी तरतरी वाटायला लागते. नाही वाढलं तर ओरडायचं नाही. ही माझी आमच्याच लोकांना विनंती आहे, कारण मी बघते, कार्ड उघडलं, एचबी तेवढंच दिसलं की पहिलं वाक्य, "गोळ्या खात नाहीस ना?" ती घाबरून म्हणते खाते, आणि पुढचा सगळा संवाद खोटा होतो. त्यापेक्षा विचारा, आठवड्यात किती वेळा राहते गोळी, कशाबरोबर घेतेस, कधी घेतेस. मग खरं कळतं. खरंच घेत असेल आणि तरी वाढत नसेल तर मग शोध घ्यायचा. जंत आहेत का, अल्बेंडाझोलची गोळी दिली का, गरोदर बाईला ती पहिले तीन महिने गेल्यावर देतात. गरोदर नसेल तर पाळीला अंगावरून किती जातं, किती दिवस जातं. ह्याबद्दल बाया आपणहून बोलत नाहीत, महिन्यातले आठ-दहा दिवस कपडा बदलत बसतात आणि त्याला नॉर्मल समजतात. पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ कमी आहे का, कारण त्यात लोह कितीही दिलं तरी रक्त वाढत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार तर नाहीत ना. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट ह्या भागातल्या सिस्टरांना हे सांगायची गरज नाही, पण आता लोक कामासाठी सगळीकडे जातात. थॅलेसेमिया मेजरच्या किंवा वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या पेशंटच्या अंगात लोह आधीच साठत असतं, त्याला रक्त कमी दिसतंय म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे यकृताला आणि हृदयाला इजा करणं. असा पेशंट असला की डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून सांगितल्याशिवाय गोळी नाही. आणि म्हाताऱ्या माणसाचं, खास करून पुरुषाचं, रक्त कमी निघालं तर गोळी देऊन घरी पाठवू नका, रक्त कुठून जातंय ते आधी बघा, मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कॅन्सर काहीही असू शकतं.

आणि एचबी वाढलं की गोळी बंद करायची नाही! हे मला ठळक अक्षरात छापून पाहिजे. बाई म्हणते रक्त भरलं आता कशाला. रिपोर्टमध्ये जो आकडा दिसतो ते चालू रक्त, पण शरीराचा लोहाचा साठा रिकामाच असतो, तो भरायला पुढं अजून तीन महिने तरी लागतात. गरोदर बाईचं ११ च्या वर गेलं तर दोनाची एक गोळी होते, बंद होत नाही. बाळंतपणानंतर तर सगळ्यांचंच लक्ष बाळाकडे, आईच्या गोळ्या माहेरी जाताना फडताळात राहतात, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या वेळेस ती ओपीडीला येते तेव्हा एचबी आधीपेक्षा कमी.

खाण्यापिण्याबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे, माफ करा. व्हॉट्सअॅपवर रोज फिरतं, बीट खा रक्त वाढेल, डाळिंब खा, खजूर खा, गाजर-बीटाचा ज्यूस प्या. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नसतं. १०० ग्रॅम बीटात जेमतेम एखादा मिलिग्रॅम लोह असतं, गोळीत ६०, आता ते ६० च्या ६० शोषले जात नाहीत हे खरं, पण बीटातलं पण जात नाही ना. पालकात लोह आहे पण ते सहज सुटत नाही. मी खाऊ नका म्हणत नाही, खा, हळीवाचे लाडू खा, शेंगदाणे-गूळ खा, मटकीला मोड आणून खा, मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि मटण खा कारण त्यातलं लोह सगळ्यात सोपं लागतं अंगाला, लोखंडी कढईत भाजी करा आणि वरून लिंबू पिळा, जेवल्या जेवल्या चहा पिऊ नका. रक्त कमी होऊ नये म्हणून हे सगळं चांगलंच आहे. पण एचबी ८ असलेल्या आणि सातवा महिना लागलेल्या बाईला गोळी सोडून बीटाचा ज्यूस पाजणाऱ्यांनी कृपया थांबावं, तिच्याकडे वेळ नसतो. आणि मेडिकलमधल्या महागड्या टॉनिकची बाटली घेऊन येणाऱ्यांना मी विचारते, ह्याच्यात मूळ लोह किती मिलिग्रॅम आहे लेबलवर वाचा. पुष्कळदा सरकारी गोळीपेक्षा कमी असतं. सरकारी गोळीतलं साधं फेरस सल्फेट स्वस्त आहे म्हणून हलकं नाही.

लहान मुलांना आपल्याकडे सिरप देतात, ६ महिने ते ५ वर्षं, आठवड्यातून दोनदा एक मिली, बाटलीला मोजून टाकायचं टोपण असतं. त्यानं दात काळे पडतात म्हणून आया घाबरतात. ते डाग वरवरचे असतात, पण पडूच नयेत म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं आणि वरून दोन घोट पाणी पाजायचं. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही, हे अगदी कॉमन आहे आणि अगदी चुकीचं आहे. शाळेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी आणि मोठ्या मुला-मुलींना निळी गोळी, आठवड्यातून एकदा, ती पोषण आहार खाल्ल्यावरच द्यायची, उपाशीपोटी दिली की एका मुलीला उलटी होते, तिला बघून दुसऱ्या चौघींना, मग गाड्या, दवाखाना आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात गोळ्यांमुळे विषबाधा. शिक्षकांना एवढी एक गोष्ट नीट सांगितली तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

आमच्या भागातलं एक दुखणं वेगळंच आहे ते लिहायलाच पाहिजे. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पाच-सहा महिने. त्यात गरोदर बायका असतात. पहाटे चारला फडात, कोयता, मोळी डोक्यावर, खोपीत पाण्याची सोय नाही, आणि कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला) खाडा पडला की पैसे कापतात म्हणून तपासणीला कोण जाणार. अशा बाईला एका महिन्याच्या ३० गोळ्या देऊन पुढच्या महिन्यात या म्हणायचं ह्याला काय अर्थ आहे? जाताना तिच्याजवळ पूर्ण हंगामाच्या गोळ्या पाहिजेत, कार्ड पाहिजे, आणि ती ज्या कारखान्याच्या हद्दीत जाणार तिथल्या आशाताईला तिचं नाव कळलेलं पाहिजे. कागदावर हे सगळं आहे, फडात किती पोचतं ते कधीतरी तुमच्या वार्ताहरानं जाऊन बघावं. आणि अंगावरून जातंय म्हणून ज्या बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या तिशीतच काढल्या गेल्या, त्यांतल्या कितीजणींचं आधी एचबी तपासून, रक्त जाण्याचं कारण शोधून, नीट औषधं दिली गेली होती हा प्रश्न मला नर्स म्हणून कायम पडतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्याकडून जो रिपोर्ट मागतात त्यात किती मातांना १८० गोळ्या दिल्या हा रकाना असतो, दिल्या, खाल्ल्या नव्हे. म्हणून सगळा जोर वाटपावर. २०१८ पासून अॅनिमियामुक्त भारत ही सरकारी मोहीम चालू आहे, गोळ्यांचा साठा पूर्वीपेक्षा खूप सुधारलाय हे मी खुल्या मनानं सांगते, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा बघा, देशात गरोदरपणात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता २६ टक्के, आणि १५ ते ४९ वयातल्या रक्त कमी असलेल्या बायका ५७ टक्के. म्हणजे चारातल्या तिघी मध्येच सोडतात किंवा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. चारातल्या तिघी अडाणी आहेत असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

माझ्या मते करायला फार खर्च नाही. लोह आणि कॅल्शियम एका पिशवीत देणं बंद करा, दोन वेगळी पाकिटं, एकावर सूर्य एकावर चंद्र छापा, वाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा कळेल. पुढच्या वेळी येताना रिकामी स्ट्रिप घेऊन ये म्हणा, म्हणजे खरं किती खाल्लं ते दिसतं आणि ओरडावं लागत नाही. औषधाच्या खिडकीच्या बाजूला एक खुर्ची आणि एक सिस्टर बसवा जी फक्त गोळी कशी घ्यायची एवढंच सांगेल, पेशंटमागं चार-पाच मिनिटं लागतात. आता तुम्ही म्हणाल माणूस कुठून आणणार, तर रिकाम्या जागा भरल्या तर येईल की, एका शिफ्टला एका सिस्टरनं वॉर्ड, लेबर रूम आणि ओपीडी तिन्ही बघायचं हे कुठल्या पुस्तकात बसतं. आणि तुम्हाला एक विनंती, गोळ्या वाटपाचा फोटो छापता, हार घातलेले पाहुणे आणि हातात स्ट्रिप, त्याच्या बाजूला एक चौकट छापत जा, चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको, संडास काळी होईल घाबरू नका, रक्त वाढलं तरी बंद करू नका. तेवढी चौकट कापून आम्ही ओपीडीच्या भिंतीला चिकटवू.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक स्टाफ नर्स, मराठवाडा

ता. क. – एक महत्त्वाचं राहिलं. ह्या गोळ्यांना वरून साखरेचं आवरण असतं, रंग लाल, लहान पोराला चॉकलेटची गोळीच वाटते. दहा किलो वजनाच्या पोरानं अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डबा उंचावर आणि बंद, उशाशी किंवा देवळीत नाही. आणि खाल्ल्याच तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, उरलेली स्ट्रिप सोबत घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, मग काही तासांनी पोरगं बरं झाल्यासारखं दिसतं, खेळायला पण लागतं, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात आता काही नाही, चला परत. तसं करू नका, त्रास नंतर एकदम वाढतो, तेव्हा डॉक्टर सोडतील तोपर्यंत तिथंच थांबा.